परभणीत हायब्रीड: मायलेज जमलं, त्या जाळीचं बघा

स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबरच नुसत्या बॅटरीवरही चालणारी गाडी, दसऱ्याला घेतली. थंडी गेली, कापसाचा हंगाम गेला, आता मे चालू आहे. सीसी, पॉवर, सनरूफ हे सगळं तुम्ही आधीच पाठ केलेलं असणार, त्यात शिरत नाही. गाडीचं नावही देत नाही. शोरूमशी एक हिशोब अजून मिटायचा आहे.

हायब्रीडच का? परभणीत राहतो म्हणून. राज्यात पेट्रोल सगळ्यात महाग कुठे, अशी बातमी आली की त्यात आमचं नाव असतंच. मनमाडच्या डेपोतून टँकर इथवर येणार, त्याचं भाडं आमच्याच लिटरवर. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात ते निदान पंपावर तरी खरं आहे.

इलेक्ट्रिकचा विचार केला होता. जीएसटी 5 टक्के, राज्यात रोड टॅक्स माफ, समृद्धीवर टोल माफ. हायब्रीडला यातलं काहीच नाही. रोड टॅक्स पेट्रोल गाडीसारखाच भरला. पण आमची गाडी गल्लीत उभी राहते, पहिल्या मजल्यावरून चार्जरची वायर सोडली तर सकाळी शेजाऱ्यांचे टॉवेल तिच्यावर वाळत असणार.

आता शोरूम. पहिल्या ठिकाणी पोरगा मोठा गोड होता. ‘हायब्रीडच आहे सर,’ म्हणत त्याने जी दाखवली ती माइल्ड निघाली. मी एवढंच विचारलं, ‘इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर ही हलते का?’ तो मॅनेजरकडे बघायला लागला. माइल्डमधली छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू करते, बस. एकटी ती गाडी ओढत नाही. किमतीत लाखांचा फरक आहे आणि डिकीवरची अक्षरं जवळजवळ तीच. हा प्रश्न विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

दुसऱ्या ठिकाणी ‘सर, जीएसटी कमी झाला’ हे पालुपद. झाला, पण किती? 1200 सीसीच्या वरच्या हायब्रीडवर सेससकट 43 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून 40. तीन टक्क्यांसाठी पेढे वाटायच्या थाटात सांगत होते. मग विमा. आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर वॉरंटीला अडचण येते म्हणे. असा नियम नाही. कोणता नियम ते लेखी द्या म्हटल्यावर विम्याचा आकडा आपोआप खाली आला. मॅट, मडफ्लॅप आणि अत्तराची बाटली मिळून जे ‘किट’ गळ्यात मारत होते, तेही निघालं. टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमपासून पंपापर्यंत आणि परत. सपाट रस्ता, एसी एकवर. तिथे कुठलीही गाडी चांगलीच चालणार.

मायलेज. कागदावर 25 च्या वरचा आकडा असतो, तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी पळवून काढलेला. मला गावात 22-23 मिळतं. जालन्याहून समृद्धीला लागून 110-120 ने गेलो की 17 वर येतं, कारण हायब्रीडची बॅटरी ब्रेक लावताना भरते; तिथे ब्रेकच लागत नाही, मग बॅटरीत परत काय जाणार? इंजिन अखंड चालू. सेल्समन मात्र हायवेचं मायलेज सांगत होता. हायब्रीडचा फायदा नेमका उलटा, अडत-थांबत चालणाऱ्या गाडीला.

पैशाचं गणित सरळ मांडतो. साधी पेट्रोल ऑटोमॅटिक 15 देते, ही 22. पेट्रोल 105 धरा, किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचतात. किमतीतला फरक अडीच लाख. म्हणजे लाखाच्या वर किलोमीटर झाल्यावर पैसे फिटणार. महिन्याला हजार चालवणाऱ्याला नऊ वर्षं, आणि माझ्या गाडीच्या मोठ्या बॅटरीची वॉरंटी आठ.

हे गणित मांडून मार्चपर्यंत मी लोकांना ‘घेऊ नका’ असंच सांगत होतो. मग एप्रिल आला. मी जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, हिशोब बघतो. मानवत, सेलू, पाथरी ही रोजची पायपीट, आणि निम्मा वेळ मालकाची वाट बघत गाडीत. बाहेर 42, आत एसी, आणि इंजिन बंद! एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो. मधूनच इंजिन थोडा वेळ सुरू होतं, बॅटरी भरून परत गप्प. जुन्या गाडीत असं बसायचं म्हणजे पेट्रोल जळताना बघायचं. आता ‘घेऊ नका’ म्हणताना जीभ अडखळते.

पण जाळी. मागच्या सीटच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी एक जाळी आहे. एसीची गार हवा तिथून ओढून बॅटरी थंड ठेवतात. तिच्या आत फिल्टर. हे मला विकताना कोणी सांगितलं? कोणीच नाही. अत्तराच्या बाटलीवर दहा मिनिटं बोलले, जाळीवर शब्द नाही. एका भर दुपारी स्क्रीनवर बॅटरी कूलिंगची देखभाल करा असा इशारा आला. वर्कशॉप परभणीत नाही, म्हणजे एक दिवस आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल गेलं. फिल्टर उघडला तर आत कापसाची रुई, गादी भरल्यासारखी. जिनिंगच्या आवारात रोज जाणारी गाडी, दुसरं काय निघणार? ॲडव्हायझर म्हणे, ‘हे कस्टमरच्या वापरामुळे आहे, वॉरंटीत नाही.’ बिलात सफाई, वर ‘हायब्रीड हेल्थ चेक’. मी पुस्तिकेचं पान उघडून समोर ठेवलं. धुळीत गाडी चालत असेल तर फिल्टर लवकर साफ करा असं तिथे छापलंय, मग पहिल्या सर्व्हिसला तुम्ही काय केलं? जॉबकार्डवर त्याचा उल्लेख नाही. तासभर घासाघीस. सफाईचे पैसे काढले, हेल्थ चेकचे ठेवले. तोच वाद चालू आहे.

तुम्ही जिनिंग, तूरडाळ मिल, खडीक्रशर असल्या ठिकाणी जात असाल तर ही जाळी कुठे आहे आणि फिल्टर किती दिवसांनी काढायचा, ते डिलिव्हरीच्या आधी दाखवून घ्या. मी आता घरच्या व्हॅक्यूमने दर रविवारी बाहेरून ओढतो.

डिकीही बॅटरीने खाल्लीय. लग्नाला जायचं तर दोन मोठ्या बॅगा आणि आहेराची पिशवी, संपलं. उरलेलं मागच्या सीटवर, म्हणजे थेट जाळीसमोर. मेहुण्याला हे दहादा सांगून झालं. तो म्हणतो, बिडकीनला टोयोटाचा कारखाना होणार, तिथे हायब्रीड बनतील, तेव्हा बघू. तोवर लग्नसराईत माझीच नेतो आणि गादीची वळकटी बरोबर जाळीला टेकवून ठेवतो.