ओपन इलेक्टिव्हसाठी ‘स्वयम्’: व्हिडिओ फुकट, क्रेडिट कमवावं लागतं

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या गुणपत्रिकेवर मुख्य विषयाच्या शेजारी ओई (ओपन इलेक्टिव्ह), एईसी (भाषा आणि क्षमतावाढ), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (सहअभ्यासक्रम) अशी अक्षरांची रांग लागली. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे भारांक) आहेत आणि त्यातली ६० मुख्य विषयाची. बाकीच्या निम्म्यात मायनर (दुय्यम विषय), भाषा, कौशल्यं, मूल्यशिक्षण आणि दुसऱ्या शाखेचे विषय. महाराष्ट्रात यातलं ओपन इलेक्टिव्ह १० ते १२ क्रेडिटचं आहे आणि ते स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. लहान कॉलेजात मात्र ‘ओपन’ म्हणजे ज्या प्राध्यापकांचे तास रिकामे आहेत, त्यांचे दोन-तीन विषय. अशा ठिकाणी केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच ‘स्वयम्’ खरोखर उपयोगी पडतो. फक्त मागवलं आणि घरी आलं असा प्रकार नाही.

आधी चांगली बाजू. २०१७ पासून चालू असलेल्या या मंचावर व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चा फोरम असे चार भाग मिळतात आणि शिकायला पैसे पडत नाहीत. दर्जा कोणत्या समन्वयक संस्थेचा (म्हणजे अभ्यासक्रम तयार करून चालवणाऱ्या संस्थेचा) अभ्यासक्रम आहे त्यावर फार अवलंबून. आयआयटी आणि आयआयएससीच्या एनपीटीईएल या समन्वयकाचं वेळापत्रक सर्वांत शिस्तीचं: आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ, दर आठवड्याची असाइनमेंट, ठरलेली शेवटची तारीख. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य हे विषयही तिथे आहेत, हे अनेकांना माहीत नसतं. विज्ञान आणि वाणिज्यच्या मुलांसाठी खरा खजिना तिथेच आहे. सीईसी या दुसऱ्या समन्वयकाचे अभ्यासक्रम पदवीच्या पाठ्यक्रमाला जास्त जवळचे, पण काही व्हिडिओंत समोरचा कागद वाचून दाखवण्यापलीकडे काही नाही. नाव नोंदवण्याआधी पहिले दोन व्हिडिओ पाहा, तेवढ्यात कळतं.

पहिली अडचण क्रेडिटच्या गणिताची. एनपीटीईएलमध्ये ४ आठवडे म्हणजे १ क्रेडिट, ८ आठवडे म्हणजे २, १२ आठवडे म्हणजे ३. तुमच्या ओईची जागा २ क्रेडिटची असेल तर ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम चपखल बसतो. जागा ४ क्रेडिटची असेल तर १२ आठवड्यांचा घेऊन एक क्रेडिट कमी पडतं आणि ते बहुतेकांना निकालानंतर कळतं. अशा वेळी ८ आठवड्यांचे दोन घ्या, किंवा १२ आणि ४ ची जोडी लावा; पण दोन प्रमाणपत्रं मिळून एक विषय धरणार का, हे कॉलेजला आधी विचारा. सीईसी आणि इग्नूच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना सरळ ४ क्रेडिट असतात, तिथे ही कसरत नाही.

दुसरी अडचण मंजुरीची. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करता येतात. पण ही कमाल मर्यादा झाली. कोणता अभ्यासक्रम कोणत्या जागी चालेल ते विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. संगणकशास्त्राच्या मुलाने पायथनचा अभ्यासक्रम करून तो ओई म्हणून पुढे केला, तर नाकारला जाणारच, विद्याशाखा तीच आहे ना! अभ्यासक्रमाच्या पानाची प्रिंट काढून त्यावर विभागप्रमुखांची सही सत्र सुरू होतानाच घ्या. तोंडी ‘हो, चालेल’ला पुढच्या वर्षी कोणी ओळखत नाही.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती नोंदणीत. एनरोल होणं फुकट असतं आणि तेवढ्यावर काम झालं असं वाटतं. परीक्षेची नोंदणी मात्र स्वतंत्र, तिचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळं आणि मुदतही वेगळी. ती चुकली की बाराही आठवड्यांच्या असाइनमेंट केल्या असल्या तरी प्रमाणपत्र नाही. एनरोल होताना कॉलेजच्या लोकल चॅप्टरचं (कॉलेजातल्या एनपीटीईएल केंद्राचं) नावही निवडा, नाहीतर तिथल्या मेंटरना तुमची प्रगती दिसत नाही. नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर भरा. क्रेडिट पुढे एबीसीच्या (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या) खात्यात जमा होतात आणि वडिलांचं नाव गाळलं एवढ्यावरूनही तिथे अडतं.

गुणांची अट नीट समजून घ्या. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. बारापैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात ६, चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात ३. उत्तीर्ण व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही हवेत. म्हणजे असाइनमेंटला २३ आणि परीक्षेत २८ पडले, तर बेरीज ५१ होऊनही प्रमाणपत्र नाही. असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरतात आणि २५ पैकी २४ सहज पडतात. परीक्षेला तीन तास एकट्याने बसायचं असतं. मुदतीपूर्वी असाइनमेंट कितीदाही सबमिट करता येते, शेवटची धरतात, म्हणून पहिला प्रयत्न स्वतःच्या डोक्याने करा. इतर समन्वयकांकडे हीच विभागणी ३०-७० असते.

परीक्षेची तारीख अभ्यासक्रमाच्या पानावर आधीपासून दिलेली असते. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकांशी ती आपटते आहे का, आणि दोन अभ्यासक्रम एकाच दिवशी तर येत नाहीत ना, हे निवडतानाच बघा. निकालही काही आठवड्यांनी लागतो, त्यामुळे शेवटच्या सत्रात ‘स्वयम्’वर विसंबून राहणं धोक्याचं: पदवीचा निकाल तेवढ्यासाठी रखडू शकतो. दुसरं, तिसरं किंवा चौथं सत्र यासाठी उत्तम.

चर्चा फोरम कागदावर छान. प्रत्यक्षात तिथे अर्धे प्रश्न ‘हॉल तिकीट कधी’ असेच असतात. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांना मराठी मजकूर मिळतो, पण प्रश्नपत्रिकेची भाषा कोणती ते वेगळं तपासा.

ओई आणि कौशल्याच्या विषयांसाठी निःशंक घ्या. भाषेच्या एईसीसाठी वर्गच बरा, तिथे बोलणं आणि लिहून तपासून घेणं महत्त्वाचं. बहुपर्यायी प्रश्न सोडवून त्यातलं काही हाती लागत नाही.