जुना लाकडी रोलर कोस्टर: जागेवरच वाचवायचा की हलवायचा?

जुना कोस्टर वाचवू पाहणाऱ्या हौशी मंडळींचं घोडं नेमकं इथेच अडतं. जागेवर ठेवला तर वाहतूक वाचते, पण जमीनमालक राजी हवा आणि दम हवा. पेनसिल्व्हेनियातला १९०२चा ‘लीप-द-डिप्स’ १९८५मध्ये बंद पडला, तो पुन्हा धावला थेट १९९९मध्ये.

हलवणं त्यामानाने झटपट. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा ‘रॉकेट’ तुकड्यातुकड्यावर खुणा करून उतरवला आणि १९८५मध्ये पेनसिल्व्हेनियातच ‘फिनिक्स’ म्हणून उभा राहिला. अर्थात, पाठीशी चालतं मनोरंजन पार्क होतं!

लाकूड दोन्हीकडे रडवतं. बोल्टाभोवती पाणी मुरून आतून कुजतं, वरचा रंग मात्र शाबूत. रंगकाम स्वयंसेवकांनी खुशाल करावं. रूळ आणि ब्रेक अभियंत्यांकडेच.

जमीन सुरक्षित असेल तर जागेवरच ठेवा. बुलडोझर दारात आणि घेणारं पार्क तयार असेल, तर हलवा.