खोक्यावरचे विमान आणि टेबलावरचे विमान

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानाचे मॉडेल बनवायचे किट घ्यायचे नक्की झाले आहे, पण एका खोक्यावर चित्रकार रॉय क्रॉस यांचे जुने रंगचित्र आणि दुसऱ्यावर अलीकडचे चित्रकार ॲडम टूबी यांच्या शैलीतले संगणकावर साकारलेले चित्र पाहून हात अडला आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खोक्यांवर तयार मॉडेलची छायाचित्रे छापली जात असत. ती प्रामाणिक होती, पण त्यांच्याकडे पाहून कोणाचा हात खिशाकडे गेला असेल असे मला वाटत नाही.

नव्या चित्रांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांत पत्र्यावरचे तेलाचे ओघळही दिसतात आणि खोके लांबूनही नजर खेचून घेते. माझी अडचण वेगळी आहे, आणि ती एकाच कंपनीपुरती नाही. आजच्या पुष्कळ खोक्यांवर विमान जणू आपल्या कपाळावर आदळायला निघालेले असते: नाक भले मोठे, पंख्याची पाती चौकटीबाहेर आणि शेपटी दूर कुठेतरी बोटभर. अशाच एका खोक्यातले विमान मी महिनाभर खपून पूर्ण केले, तेव्हा भाच्याने आधी झाकणाकडे, मग मॉडेलकडे पाहून विचारले, "मामा, हे तेच विमान आहे का?" मॉडेल अगदी बरोबर होते, तरी मला पटकन "हो" म्हणता आले नाही. रंगवतानाही तीच पंचाईत झाली होती, कारण शेपटीजवळ हिरवा रंग कुठे संपतो हे पाहायला झाकण हाती घ्यावे, तर तिथे नेमका धूर.

क्रॉस यांनी युद्धकाळात फेअरी या विमान कंपनीत तांत्रिक चित्रकार म्हणून काम केले होते. १९६४ साली डॉर्नियर डीओ २१७ या जर्मन बॉम्बफेकी विमानापासून त्यांनी एअरफिक्ससाठी चित्रे काढायला सुरुवात केली आणि पुढची दहा वर्षे ते काढत राहिले. त्यांच्या चित्रातही आग असते, गोळे फुटतात, पण विमान अंगाने पुरते दिसते; पंखाची लांबी आणि धडाची जाडी यांचे नाते कुठे बिघडत नाही. सत्तरच्या दशकात यातल्या काही चित्रांतले पडते बॉम्ब आणि स्फोट पुसून टाकण्यात आले, तेव्हा रिकाम्या आकाशात उगाच कललेली विमाने उरली. असे खोके जुन्या बाजारात मिळाले, तर केवळ चित्रासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एअरफिक्सच्या जुनी किटे पुन्हा काढणाऱ्या 'व्हिंटेज क्लासिक्स' मालिकेत जुन्या चित्रासोबत साचाही जुनाच येतो. त्यातल्या कित्येक किटांवर पत्र्यांच्या जोडरेषा उठावाच्या असतात, आणि धडाचे दोन भाग चिकटवून सांधा घासायला घेतला, की पॉलिश पेपरखाली त्या रेषाही जातात. ज्यांना बांधणीत कसूर चालत नाही, त्यांनी बहुधा नवे खोके घेणेच बरे.

मी मात्र गेल्या दोन्ही वेळा जुनेच उचलले. रंगवताना झाकण दिव्याला टेकवून ठेवतो आणि शेपटीपर्यंतचा रंग त्यावरूनच पाहतो.