एसडीआर रिसीव्हरला वीज कशातून द्यावी? यूएसबी पोर्ट, स्विचिंग ॲडॉप्टर, लिनिअर सप्लाय आणि बॅटरी यांची तुलना

एसडीआरच्या (संगणकाच्या मदतीने रेडिओ सिग्नल उलगडणाऱ्या रिसीव्हरच्या) वॉटरफॉलवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या रेषा दिसू लागल्या, किंवा रेकॉर्डिंग मध्येच तुटू लागलं, की बहुतेकांचा संशय वीजपुरवठ्यावर जातो. मग ठरलेला सल्ला मिळतो: लिनिअर सप्लाय घ्या. कधी तो लागू पडतो. पण जड ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय आणूनही रेषा जागच्या हलल्या नाहीत, असंही पुष्कळदा होतं. कारण वीजपुरवठ्यामुळे होणारे त्रास तीन वेगवेगळ्या प्रकारचे आहेत आणि कुठलाही एक पर्याय तिन्ही सोडवत नाही.

पहिला त्रास ५ व्होल्टच्या तारेवरच्या रिपलचा, म्हणजे व्होल्टेजच्या चढउतारांचा. तो रिसीव्हरच्या ऑसिलेटरपर्यंत (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या भागापर्यंत) आणि एडीसीपर्यंत (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागापर्यंत) पोहोचतो, आणि प्रत्येक जोरदार सिग्नलच्या दोन्ही बाजूंना खोटे सिग्नल उमटवतो. दुसरा कॉमन मोड करंटचा, म्हणजे केबलच्या सगळ्या तारांवरून एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा: ॲडॉप्टरमधला गोंगाट यूएसबी केबलच्या ग्राउंडवरून रिसीव्हरमध्ये, तिथून कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) शील्डच्या बाहेरच्या बाजूने अँटेनापर्यंत जातो आणि तिथून सिग्नल म्हणून परत येतो. तिसरा त्रास व्होल्टेज पडण्याचा. त्यात गोंगाट नसतो. सॅम्पल (सिग्नलची मोजमापं) गळतात, डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) अचानक डिस्कनेक्ट होतो. माझं ठाम मत असं की शॉर्टवेव्हवर, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या खाली, बहुतेकांना छळतो तो दुसरा प्रकार, आणि पैसे मात्र पहिल्यावर खर्च होतात.

आपला त्रास कोणता ते आधी पाहा

अँटेना काढून तिथे ५० ओहमचा टर्मिनेटर (अँटेनाच्या जागी बसणारा रोध) लावा. रेषा तशाच राहिल्या तर त्या ५ व्होल्टच्या तारेतून येत आहेत किंवा रिसीव्हरच्या आतच तयार होत आहेत. रेषा गेल्या, तर लगेच सप्लायला निर्दोष ठरवू नका. कोॲक्स काढताना कॉमन मोड करंटची वाटही तुम्ही तोडलेली असते, त्यामुळे ही चाचणी त्याला पकडतच नाही. म्हणून दुसरी चाचणी अँटेना जोडलेली ठेवूनच करा: लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा आणि सगळं बॅटरीवर चालवा. चार्जर काढताक्षणी वॉटरफॉल स्वच्छ झाला तर दोषी सापडला.

काही रेषांशी सप्लायचा काहीच संबंध नसतो. आरटीएल-एसडीआर या स्वस्त, प्रचलित डोंगलमध्ये २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीवर स्पर, म्हणजे खोटे सिग्नल, दिसतात. पाचवी पट बरोबर १४४.० मेगाहर्ट्झ, म्हणजे हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींच्या दोन मीटर बँडच्या अगदी उंबरठ्यावर. कितीही चांगला सप्लाय लावला तरी तो तिथेच राहणार. पडद्याच्या मधोमध दिसणारा डीसी स्पाइकही तसाच. ओळखण्याची खूण सोपी आहे: क्रिस्टलचा स्पर बारीक आणि स्थिर असतो, स्विचिंग सप्लायचा (जो उच्च फ्रिक्वेन्सीवर उघडझाप करून व्होल्टेज बदलतो) जाडसर, धूसर आणि सरकणारा. साध्या ॲडॉप्टरची स्विचिंग फ्रिक्वेन्सी बऱ्याचदा ६५ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवतात, कारण तारेतून जाणाऱ्या गोंगाटाच्या मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून सुरू होतात आणि मूळ फ्रिक्वेन्सी तसंच तिची दुप्पट दोन्ही त्यातून सुटतात. ७ मेगाहर्ट्झवर दिसते ती तिची साधारण १०८ वी पट. मूळ फ्रिक्वेन्सी लोडमुळे किंवा तापल्यामुळे १ टक्का हलली की ही रेषा ७० किलोहर्ट्झ सरकते.

थेट लॅपटॉपचं पोर्ट की स्वतंत्र ॲडॉप्टरचा हब?

यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळतात. साधा आरटीएल-एसडीआर डोंगल ३०० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे कागदावर सगळं ठीक. अडचण केबलमध्ये असते. स्वस्त केबलमधली वीज वाहणारी तार बहुधा २८ गेजची (गेज जितका मोठा, तार तितकी बारीक), तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दोन मीटरच्या केबलमध्ये जाऊन-येऊन चार मीटर तार, म्हणजे ०.८५ ओहम. ३०० मिलिअँपिअरला पाव व्होल्ट तिथेच गेला. बायस टीवरून (अँटेनाच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या सोयीवरून) एखादा प्रीअँप (सिग्नल वाढवणारा) चालवून करंट ५०० पर्यंत नेलात तर ०.४ व्होल्टच्या वर गेला. तेवढ्याच लांबीच्या २४ गेज केबलमध्ये ही घट ०.१७ व्होल्ट राहते.

त्यामुळे डोंगल तुटत असेल तर मी सप्लायच्या आधी केबल बदलेन, आणि एकाहून जास्त डोंगल असतील तरच हब घेईन. हब व्होल्टेजचा प्रश्न सोडवतो, गोंगाटाचा नाही. उलट त्याचा स्वतःचा ॲडॉप्टर हा गोंगाटाचा नवा स्रोत होऊ शकतो. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांनी लो व्होल्टेजची सूचना गांभीर्याने घ्यावी: ती ४.६३ व्होल्टच्या आसपास येते, आणि पाय ४ वर सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच उपलब्ध असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: यूएसबी ३.० च्या डेटाचा गोंगाट याच पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. तिथे रिसीव्हर यूएसबी २ वर आणि यूएसबी ३ च्या उपकरणांपासून दूर ठेवणं चांगलं.

स्विचिंग की लिनिअर?

मुख्य लढत हीच. लिनिअर सप्लायची खरी ताकद ही की त्यात उच्च फ्रिक्वेन्सीवर उघडझाप करणारं काहीच नसतं. पण म्हणून तो आपोआप स्वच्छ ठरत नाही. ५० हर्ट्झच्या मेन्सवर ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) १०० हर्ट्झचा रिपल येतो. १ अँपिअर लोडला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर रिपल साधारण २ व्होल्टचा. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला वर आणखी सुमारे २ व्होल्टची जागा लागते. ती जागा रिपलच्या तळाशी उरली नाही, तर रेग्युलेटर दर सेकंदाला शंभर वेळा हात टेकतो आणि ती गुणगुण थेट रिसीव्हरमध्ये जाते. जास्त व्होल्टेज दिलं तर उष्णता: १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट, १ अँपिअरला ७ वॉट, म्हणजे चांगला हीटसिंक हवाच. शिवाय ब्रिजचे डायोड चालू-बंद होताना त्यांच्यामधून जाणारी आरएफ (रेडिओ लहर) त्या लयीत कापली जाते, आणि ठरावीक स्टेशनवरच ऐकू येणारा हम (गुणगुण) तयार होतो. प्रत्येक डायोडवर १० नॅनोफॅरडचा योग्य व्होल्टेजचा सिरॅमिक कपॅसिटर लावला की तो बहुधा जातो. स्वस्त लिनिअर सप्लायमध्ये नेमका हाच खर्च वाचवलेला असतो.

स्विचिंग ॲडॉप्टर हलका, थंड, सहज मिळणारा. त्याचा मोठा दोष रिपलपेक्षा त्याच्या वाय कपॅसिटरमध्ये आहे. मेन्सच्या बाजूकडून आउटपुटच्या बाजूला जोडलेला हा छोटा कपॅसिटर, आणि सोबत ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमधला कपॅसिटन्स, कॉमन मोड करंट पलीकडे पोहोचवतात. दोन पिनच्या ॲडॉप्टरवर चालणाऱ्या उपकरणाच्या धातूला हात लागल्यावर येणाऱ्या मुंग्या याच वाटेने येतात. आउटपुटवर कितीही फिल्टर लावा, दोन्ही तारांवरून एकाच दिशेने जाणारा हा करंट त्या फिल्टरला दिसतच नाही.

मधला मार्ग म्हणजे स्विचिंग ॲडॉप्टर, पुढे एलसी (कॉइल आणि कपॅसिटरचा) फिल्टर आणि मग एलडीओ (थोड्याच जादा व्होल्टेजवर चालणारा) रेग्युलेटर. इथे एलडीओची निवड महत्त्वाची. रिपल रोखण्याचा जो मोठा आकडा डेटाशीटच्या पहिल्या पानावर असतो, तो बहुतेक वेळा १ किलोहर्ट्झच्या आसपासचा. १ मेगाहर्ट्झवर साध्या एलडीओचा तोच आकडा फार खाली येतो, आणि आपला शत्रू नेमका वरच्या फ्रिक्वेन्सीवर असतो. एलटी३०४५ सारखी चिप १ मेगाहर्ट्झवरही सुमारे ७५ डेसिबल रोखते, तिचा स्वतःचा नॉइज ०.८ मायक्रोव्होल्ट, पण ती ५०० मिलिअँपिअरलाच पुरते. साधा एलडीओ वापरणार असाल तर वरचं काम एलसीकडे सोपवा: १० मायक्रोहेन्री आणि ४७० मायक्रोफॅरड मिळून फिल्टर सुमारे २.३ किलोहर्ट्झपासून काम करू लागतो. इथे फक्त सिरॅमिक कपॅसिटर लावू नका. साध्या इलेक्ट्रोलिटिकच्या आतला थोडा रोध फिल्टरला स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर घुमू देत नाही. आणि वेगळे ५ व्होल्ट डोंगलला देताना यूएसबी केबलमधली लाल तार तोडलेली असावी, नाहीतर दोन सप्लाय एकमेकांत वीज ढकलतात.

मात्र एक सांगतो. बहुतेक डोंगलमध्ये ५ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट करणारा रेग्युलेटर आधीच असतो. टर्मिनेटरच्या चाचणीत रेषा गेल्या असतील, तर त्याच्या आधी आणखी एक महागडा रेग्युलेटर बसवून फारसं हाती लागत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.३७२ शिफारशीनुसार निवासी भागात १० मेगाहर्ट्झवर मानवनिर्मित गोंगाट थर्मल नॉइजच्या (उष्णतेमुळे होणाऱ्या मूळ गोंगाटाच्या) सुमारे ४५ डेसिबल वर असतो, १०० मेगाहर्ट्झवर सुमारे १७. म्हणजे शॉर्टवेव्हवर नॉइज फ्लोअर (गोंगाटाची तळपातळी) अँटेनाच ठरवते. सप्लायचं काम त्या गोंगाटात भर न घालणं एवढंच. व्हीएचएफ-यूएचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या वर), क्षीण सिग्नल ऐकताना, रिसीव्हरच्या आतल्या स्वच्छतेला जास्त किंमत येते.

बॅटरी: पॉवर बँक आणि सुटे सेल यांत मोठा फरक

बॅटरीने मेन्सशी असलेलं नातंच तुटतं, म्हणून तपासणीसाठी तिच्यासारखं साधन नाही. पण पॉवर बँक ही या अर्थाने शुद्ध बॅटरी नव्हे: आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवरून ५ व्होल्ट करण्यासाठी तिच्यात स्विचिंग कन्व्हर्टर असतो. मेन्सचा कॉमन मोड जातो, कन्व्हर्टरचे स्पर राहतात. सिरीजमध्ये जोडलेले दोन लिथियम आयर्न फॉस्फेट सेल नाममात्र ६.४ व्होल्ट देतात. पुढे कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर (एलडीओ) लावला तर ५ व्होल्टसाठी ही जोडी सुरेख बसते. ७८०५ इथे चालत नाही, त्याला ७ व्होल्ट लागतात. सेलसोबत फ्यूज आणि संरक्षण सर्किट असलंच पाहिजे. आणि डोंगल ज्या लॅपटॉपला जोडला आहे तोच चार्जरवर असेल, तर ही सगळी मेहनत यूएसबीच्या ग्राउंडवरून वाहून जाते.

सप्लाय न बदलता

कॉमन मोडवर फेराइट (ज्यातून केबल नेतात ते चुंबकीय कडं किंवा मणी) हा माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा आहे, पण नीट वापरला तर. केबलवर एकदा चिमटलेला क्लिप-ऑन मणी शॉर्टवेव्हवर जवळपास काहीच करत नाही. एकाच कोअरमधून गुंडाळे वाढवले की इम्पिडन्स गुंडाळ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शॉर्टवेव्हसाठी ३१ मिक्सचा (मिक्स म्हणजे फेराइटचा प्रकार) मोठा टोरॉइड, म्हणजे कडं, घ्या; ४३ मिक्स २५ मेगाहर्ट्झच्या वरच्या कामाला बरा. पहिला चोक (असा केबल गुंडाळलेला फेराइट) कोॲक्सवर, दुसरा यूएसबी केबलवर, तिसरा ॲडॉप्टरच्या डीसी तारेवर.

यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजूंचं ग्राउंड वेगळं ठेवणारं उपकरण) घेणार असाल तर वेग पाहा. आरटीएल-एसडीआर २.४ दशलक्ष सॅम्पलवर सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट पाठवतो. एडीयूएम४१६० चिपवर बनलेले आयसोलेटर १२ मेगाबिटलाच थांबतात, त्यामुळे ते इथे निरुपयोगी. हाय-स्पीड, म्हणजे ४८० मेगाबिटचा लागेल, आणि त्याच्या आतला वीज देणारा कन्व्हर्टरही स्विचिंगच असतो. त्यापेक्षा मला दुसरी रचना आवडते: रिसीव्हर आणि छोटा संगणक अँटेनाजवळ, डेटा नेटवर्कवरून. शील्ड नसलेल्या इथरनेट केबलच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे ग्राउंडची सलग तार उरत नाही.

मग घ्यायचं काय? लॅपटॉपवर व्हीएचएफ-यूएचएफ ऐकणाऱ्याने जाड, आखूड केबल घेऊन थांबावं. डोंगलवर किंवा यूएसबीच्या चांगल्या रिसीव्हरवर शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याने आधी ३१ मिक्सचे दोन टोरॉइड घ्यावेत, लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा, आणि तरी टर्मिनेटरसह रेषा उरल्या तरच एलडीओकडे वळावं. किवीएसडीआरसारखा १४ बिट एडीसीचा, चोवीस तास चालणारा शॉर्टवेव्ह रिसीव्हर असेल तर मी निःशंकपणे लिनिअर सप्लाय सुचवेन, आणि त्याच्या डीसी तारेवरही चोक लावेन. तीन पिनच्या सप्लायमुळे ग्राउंड लूपचा (ग्राउंडच्या एकाहून जास्त वाटांमुळे होणारा) हम आला तर तो चोकने किंवा सगळी उपकरणं एकाच सॉकेटवर आणून कमी करा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड झाला तर मेन्सचं व्होल्टेज धातूच्या खोक्यावर, तिथून कोॲक्सवरून अँटेनावर येतं, आणि तिला हात लावणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.