झांबियातल्या गावात इंटरनेट केंद्र: टॉवर, स्टारलिंक की लांब पल्ल्याचं वायफाय?

झांबियाच्या दक्षिण प्रांतात चोमा, मोंझे ही गावं लुसाका–लिव्हिंगस्टन महामार्गावर आहेत. तिथे इंटरनेट मिळवायला फार धडपड लागत नाही. खरी अडचण महामार्ग सोडून चाळीस-साठ किलोमीटर आत गेल्यावर सुरू होते. चोमापासून साधारण ७० किलोमीटरवरच्या माचाला २००४ मध्ये इंटरनेट आलं ते उपग्रहाच्या डिशवर, कारण तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आज तीन मार्ग आहेत: मोबाइल टॉवरचं फोर-जी, स्टारलिंक ही उपग्रहावरून इंटरनेट देणारी सेवा आणि लांब पल्ल्याचं वायफाय. कोणता घ्यावा हे बहुतेक जण वेग पाहून ठरवतात, आणि तिथेच चुकतं. आधी वीज मोजा, मग जोडणी निवडा.

झांबियाची बहुतेक वीज जलविद्युत. २०२४ च्या दुष्काळात करिबा धरण तळाला गेलं आणि जिथे तारा पोचल्या आहेत तिथेही दिवसाचे बहुतेक तास वीज नव्हती. म्हणून केंद्र सौर ऊर्जेवरच चालेल असं धरूनच हिशेब मांडा. पाच लॅपटॉप प्रत्येकी ३० वॉट, रोज सहा तास, म्हणजे ९०० वॉट-तास. वीस फोनांचं चार्जिंग सुमारे ४००. दिवे, छोटा सर्व्हर आणि शाईच्या टाकीचा प्रिंटर मिळून २००. जोडणीशिवायच १५०० झाले. लेझर प्रिंटर घेऊ नका. तापताना तो क्षणभर ८०० ते १००० वॉट ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तिथेच बंद पडतो.

आता जोडणी. फोर-जीचा बाहेर बसवायचा राउटर १० वॉटचा, दहा तासांचे १०० वॉट-तास. स्टारलिंकची नेहमीची डिश ७५ ते १०० वॉट, म्हणजे किमान ७५०. तारांमधली आणि इन्व्हर्टरमधली गळती २५ टक्के धरली, तर फोर-जीच्या केंद्राला रोज २००० आणि स्टारलिंकच्या केंद्राला २८०० वॉट-तास लागतात. पावसाळ्यात, म्हणजे तिथे नोव्हेंबर ते एप्रिल, पूर्ण उन्हाचे चारच तास धरा. त्या हिशेबाने पहिल्याला ५०० वॉटची पॅनेलं, दुसऱ्याला ७००. दीड दिवस ढगाळ राहिलं तरी काम चालावं असं हवं असेल, तर लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या: पहिल्याला २४ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची, दुसऱ्याला ४८ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची. स्टारलिंक मिनी ही छोटी डिश मात्र २५ ते ४० वॉटवर चालते, तीही थेट डीसीवर, म्हणजे इन्व्हर्टरशिवाय. पंधरा-वीस माणसांच्या केंद्राला ती पुरते, आणि हिशेब पुन्हा फोर-जीच्या जवळ येतो.

शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त पडतात, पण निम्म्याहून जास्त उतरू दिल्या की लवकर मरतात. खोलीचं तापमान २५ अंशांच्या वर दर दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण अर्धं होतं. पत्र्याच्या छताखाली त्या किती टिकतील याचा अंदाज त्यावरून करा.

फोर-जी

टॉवर दहा-पंधरा किलोमीटरवर असेल तर हा पहिला पर्याय. फोनवरच्या उभ्या रेघा पाहून ठरवू नका. मोजणीच्या ॲपमध्ये आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा: उणे ८० ते ९० उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११० च्या खाली आशा सोडा. हे मोजमाप खांब जिथे उभा राहणार त्या जागी, छतावर चढून घ्या. जमिनीवर आणि सहा मीटर उंचीवर आकडा अगदी वेगळा येतो. अँटेना बाहेर आणि राउटर आत अशी मांडणी टाळा. अँटेनाच्या नेहमीच्या आरजी-५८ केबलमध्ये ८०० मेगाहर्ट्‌झला दर मीटरला सुमारे अर्धा डेसिबल जातो. दहा मीटर केबल म्हणजे पाच डेसिबल, अँटेनाची अर्धी कमाई. अँटेना आणि मोडेम एकाच डब्यात असलेला राउटर खांबावर चढवा आणि खाली फक्त इथरनेटची तार आणा.

या पर्यायाचा कच्चा दुवा टॉवरच आहे. वीज लांबली की टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, आणि तुमचं सौर केंद्र सुरू असूनही इंटरनेट जातं. म्हणून चाचणी दोनदा घ्या: एकदा संध्याकाळी सातला, गर्दीच्या वेळी, आणि एकदा दहा-बारा तास वीज गेलेली असताना. दुसरी चाचणी कुणी करत नाही, खरं तर निर्णय तिच्यावरच व्हायला हवा.

स्टारलिंक

झांबियात ही सेवा ऑक्टोबर २०२३ पासून अधिकृत आहे. टॉवर नसलेल्या गावाला आज बहुतेकदा हाच मार्ग. जुन्या भूस्थिर उपग्रहाचा सिग्नल ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन येतो, म्हणून प्रतिसादाला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. इथले उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असल्याने व्हिडिओ कॉलही नीट होतो. डिशला सगळीकडून मोकळं आकाश लागतं. आंब्याचं एक झाड आडवं आलं तरी दर काही मिनिटांनी जोडणी तुटते, आणि लोकांना वाटतं केंद्रच बिघडलंय. बसवण्याआधी ॲपमधून अडथळे तपासा.

पण बंद पडण्याचं खरं कारण बहुधा आकाशात नसतं. खातं परदेशातल्या देणगीदाराच्या कार्डावर असतं, कार्डाची मुदत संपते आणि गाव अंधारात. शेजारच्या देशात नोंदवलेला संच आणला तर दोन महिन्यांनंतर तो बंद होऊ शकतो. नोंदणी झांबियातच आणि गावच्या समितीच्या नावाने करा.

लांब पल्ल्याचं वायफाय

फायबर असलेल्या शाळेपासून किंवा मिशनपासून ५.८ गिगाहर्ट्‌झवर २० किलोमीटरचा दुवा सहज चालतो. महिन्याचा खर्च वाटून घेता येतो, म्हणून तो दीर्घकाळ सगळ्यात स्वस्त पडतो. दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केपमधल्या मान्कोसीत झेन्झेलेनी या सहकारी संस्थेने सौर ऊर्जेवरचं असंच जाळं गावाच्या मालकीचं करून दाखवलंय. मात्र नुसतं समोरचं टोक दिसणं पुरेसं नाही. २० किलोमीटरच्या मध्यावर लहरींना सुमारे १० मीटर मोकळी जागा लागते, शिवाय पृथ्वीची वक्रता ६ मीटर. म्हणजे मधल्या झाडांच्या शेंड्यांवरून सरळ रेषा किमान १६ मीटर वरून गेली पाहिजे. दोन्ही टोकांना वीजपुरवठा, आकाशातल्या विजेपासून बचावासाठी अर्थिंग आणि इथरनेटला विजेचा झटका अडवणारे सर्ज अरेस्टर हवेत, आणि पलीकडच्या टोकाला कुलूप उघडून देणारा माणूसही. तो माणूस नसेल तर या मार्गाला जाऊ नका.

संगणक किती?

महाराष्ट्रातल्या वारणानगर परिसरात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रं उभारली गेली. पुढे दिसलं की वापर मुख्यतः उसाच्या वजनाच्या, खताच्या आणि पैशांच्या नोंदींपुरता होता. काही गावांत तेच काम एसएमएसवर करून पाहिलं आणि ते जमलं. झांबियातही मक्याचा भाव शेतकरी फोनवर विचारून घेतो. केंद्राकडे तो येतो ते छपाई, झेरॉक्स, फोटो आणि अर्जासाठी. तेव्हा पाचच्या जागी तीन लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या पैशांत छपाईचं काम भक्कम करा.

जोडणी कोणतीही असो, इंटरनेट नसतानाही चालणारा ऑफलाइन सर्व्हर हवाच. एका छोट्या संगणकावर ५१२ जीबीची एसएसडी लावून किविक्स या सॉफ्टवेअरमधून विकिपीडिया आणि कोलिब्री या सॉफ्टवेअरमधून शाळेचे धडे भरा. मेमरी कार्ड वापरू नका. अचानक वीज गेली की ते खराब होतं. विंडोजमध्ये जोडणी मर्यादित डेटाची आहे असं नोंदवा, नाहीतर महिन्याचा डेटा अपडेटच खाऊन टाकतात.

कपाटात कायम ठेवायच्या वस्तू: राउटरचा पॉवर अ‍ॅडॅप्टर दोन नग, कारण वीज चमकली की आधी तोच जातो; इथरनेटच्या तारेच्या टोकाला लागणाऱ्या आरजे-४५ च्या पन्नास पिना आणि त्या बसवायचा क्रिंपर; उंदरांनी कुरतडलेल्या तारेऐवजी टाकायला बाहेरच्या दर्जाची ३० मीटर केबल; चार्ज कंट्रोलरचे फ्यूज. चोमाला जाऊन यायला एक दिवस मोडतो, आणि केंद्र तेवढा वेळ बंद राहतं.