रविवारचा 'बिग डेटा आणि मन' क्लास, कॉलेज रोड, नाशिक – साडेतीन स्टार, तेही मॅडममुळे

क्लासचं नाव टाकत नाहीये, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि मला भांडण नकोय. मी एमए सायकॉलॉजी दुसऱ्या वर्षाला आहे, आणि गणिताला कायमचा रामराम ठोकायचा म्हणूनच ही लाइन घेतली होती हे आधीच कबूल करते. विषय असा, की लोक नेटवर जे लाइक करतात, लिहितात त्या ढीगभर डेटावरून माणसाचं मन कसं समजून घ्यायचं. आठ रविवार, १० ते १, फी साडेसहा हजार. पॅम्प्लेटवर लिहिलेलं 'संशोधनात करिअरची हमी'. हमी कसली डोंबलाची.

पहिले दोन रविवार जे सर होते त्यांनी स्लाइड वाचून दाखवल्या, बस. २०१५ चा तो फेसबुक लाइक्सचा अभ्यास सांगितला, की १० लाइक्स बघून कॉम्प्युटर तुम्हाला ऑफिसातल्या माणसापेक्षा चांगलं ओळखतो आणि ३०० झाले की नवरा-बायकोच्या तोडीला येतो, आणि सगळा वर्ग आ वासून बसला. ओळखतो म्हणजे नेमकं काय, हे कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

तिसऱ्या रविवारी मॅडम आल्या. स्वतः पीएचडी करतायत. त्यांनी तोच अभ्यास परत काढला आणि सांगितलं की लोकांनी स्वतःच्या स्वभावाबद्दल १०० प्रश्नांची प्रश्नावली भरली होती, त्याच्याशी कॉम्प्युटरचा अंदाज जुळला ०.५६ आणि ओळखीच्या माणसांचा ०.४९ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत). फरक आहे, पण मन वाचलं वगैरे काही नाही. मग आम्हाला एक फाइल दिली आणि सरासरी वय काढायला सांगितलं. कॉलेजच्या पोरांची सरासरी आली ४१! ज्यांनी वय भरलंच नव्हतं त्यांच्यापुढे ९९ टाकलेलं होतं, ते आम्ही खरं वय म्हणून धरलं. दोन तास नुसती साफसफाई. मॅडम म्हणाल्या, या कामात निम्मं आयुष्य यातच जातं, आता पटत नसेल तर आताच पळा.

सगळ्यात भारी रविवार मिसळीचा. नाशकातल्या मिसळीच्या हॉटेलांवर लोकांनी जे लिहिलंय त्यातले शंभरेक रिव्ह्यू घेतले आणि शब्द मोजून चांगलं-वाईट ठरवणारा छोटा प्रोग्रॅम चालवला. 'डोळ्यातून पाणी आलं, नाकातून धूर निघाला, जाळ एकदम', प्रोग्रॅमने सांगितलं गिऱ्हाईक प्रचंड दुःखी आहे. अहो तो पाच स्टार देऊन गेलाय! वर निम्मे लोक मराठी इंग्रजी अक्षरात टाइप करतात, मग तेच स्पेलिंग 'बरा' पण आणि 'बारा' पण. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की इथे आपलं काम आहे, भाषा आणि माणूस कळल्याशिवाय नुसतं कोडिंग करून भागणार नाही.

बटाट्याचं पण सांगते. मोबाइलने पोरं बिघडतात यावर २०१९ मध्ये साडेतीन लाखांवर किशोरवयीन मुलांचा डेटा तपासला गेला, आणि त्यांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी स्क्रीनच्या वापराशी जोडता आला जास्तीत जास्त ०.४ टक्का. बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच. मॅडमचं म्हणणं, दहा हजार माणसं घेतली की ०.०२ एवढा फडतूस संबंधही 'सिग्निफिकंट' (म्हणजे नुसता योगायोग वाटत नाही असा) येतो, म्हणून त्या शब्दावर नाचू नका. (हे मी घरी आईला सांगितलं. तिने मोबाइल तरी काढूनच घेतला.)

करिअरबद्दल खरं बोलल्या त्या पण मॅडमच. नेट (प्राध्यापकी-संशोधनासाठीची राष्ट्रीय परीक्षा) काढा, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० आणि घरभाडं वेगळं, पण खरी पंचाईत पीएचडीच्या गाइडची. सायकॉलॉजीवाले म्हणतात हे कॉम्प्युटरचं आहे, कॉम्प्युटरवाले म्हणतात हे सायकॉलॉजीचं. त्यात डेटा कंपन्यांच्या हातात. २०२३ मध्ये ट्विटरने फुकट डेटा देणं बंद केलं आणि जगभर कितीतरी जणांचे प्रोजेक्ट अर्धवट लटकले. आणि मिळाला तरी वापरायचा का हा प्रश्न आहेच, २०१४ मध्ये फेसबुकचा तो पेपर आला होता ना, जवळजवळ सात लाख लोकांची फीड त्यांना न विचारता बदलून भावना बदलतात का बघितलेलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला. पॅम्प्लेटवर यातलं एक अक्षर नाही.

आता कुरकुर. बारा कॉम्प्युटर सांगितले होते, चालू सात. 'आर' नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यात एक अख्खा रविवार गेला, कारण वायफाय गंगापूर धरणासारखं, उन्हाळ्यात तळ गाठतं. पार्किंग नाही, माझी गाडी एकदा टो झाली. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, तीन फेऱ्या मारल्या, अजून 'उद्या या' चालूच आहे. चहा मात्र बरा असतो, आल्याचा.

पुढच्या बॅचला जाणार असाल तर फी भरायच्या आधी फोन करून एवढंच विचारा, मॅडम किती रविवार आहेत. दोनपेक्षा कमी म्हणाले तर नका जाऊ.