चुंबक चिकटलं नाही म्हणजे 304? ईकोमधल्या रॅकमध्ये मला कसं गंडवलं

एसी, वायरिंग, प्लंबिंग, सीसीटीव्ही अशी कामं करणाऱ्या आणि स्वतःची मारुती ईको किंवा तशीच बंद गाडी असलेल्या गोव्यातल्या मंडळींसाठी हे लिहितोय. गाडीत मागे 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे रॅक, ड्रॉवर, खाली मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा) तळ असं सगळं ‘एकदम कंपनीसारखं’ बसवून देतो म्हणणाऱ्या एका फॅब्रिकेटरने मला पद्धतशीर गंडवलं. तक्रार चालू आहे म्हणून त्याचं नाव देत नाही. दिलं तरी उपयोग नाही म्हणा, दुकानाचं नाव तो सहज बदलतो. त्याची पद्धत मात्र तीच राहते.

माझा धंदा एसीचा. राहायला डिचोलीत, कामं म्हापशापासून कळंगुट-कांदोळीपर्यंत. गाडीत व्हॅक्यूम पंप, गेज मॅनिफोल्ड, नायट्रोजनचा सिलिंडर, आर-32 आणि आर-410ए या एसीच्या गॅसचे सिलिंडर, ब्रेझिंगचा टॉर्च, कोअर कटर, हॅमर ड्रिल, जेट पंप, कॉपर पाइपची वेटोळी, शिडी, असा सगळा पसारा एकावर एक. तिसऱ्या मजल्यावर आउटडोअर युनिट उघडून बसायचं आणि तेव्हा पाइप जोडायचा पाव इंची फ्लेअर नट हवा असतो. पोरगा खाली पळतो, गाडी उपसतो, सापडत नाही, शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून नवा आणतो. संध्याकाळी जुना नट जेट पंपाच्या पाइपाखाली दात विचकत पडलेला असतो. एप्रिल-मेमध्ये फोन खाली ठेवायला उसंत नसते, तेव्हा या शोधाशोधीत रोजचं एखादं काम बुडतंच. रॅक हवा होता तो त्यासाठी, मिरवायला नव्हे.

त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. देखणे होते. दोन्ही बाजूंना राखाडी ड्रॉवर, प्रत्येक हत्याराला कापलेला फोम, छताला पाइपचं स्टँड. एका फोटोत स्टिअरिंग डावीकडे होतं. विचारलं तर म्हणाला, “फोटो उलटा झालाय पात्रांव, मोबाइलचं तसंच असतं.” दारावरची इंग्रजी अक्षरं मात्र सुलट होती. त्याने केलेली गोव्याच्या नंबरची एक गाडी दाखव म्हटल्यावर ती नेहमी नुकतीच ‘काणकोणला कामावर’ गेलेली असायची. फोटो परदेशी गाड्यांचे होते, कुठून तरी उचललेले. कुणाचंही काम देण्याआधी त्याने केलेली गाडी प्रत्यक्ष उघडून बघा, आणि मालक भेटला तर त्याला एक पावसाळा काढून झालाय का तेवढं विचारा.

आता मुख्य गोष्ट, चुंबकाची. बोलणं 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं झालं होतं. शेडमध्ये गेलो तर त्याने खिशातून चुंबक काढलं, आधी माझ्या गाडीच्या पत्र्याला लावलं. टक्कन बसलं. मग त्याच्याकडच्या चौकोनी पाइपला लावलं, ते घसरून खाली. “बघा, चिकटतंय का? लोखंड असतं तर चिकटलं असतं. हे 304. तुम्हीच लावा.” मी लावलं. चिकटलं नाही.

चुंबकाबद्दल तो खोटं काहीच बोलला नाही, फक्त अर्धंच बोलला. 202 ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. 304 मध्ये क्रोमियम साधारण 18 ते 20 टक्के आणि निकेल 8 ते 10 टक्के असतं. 202 मध्ये महागडं निकेल 4 ते 6 टक्क्यांवर आणतात आणि ती जागा बऱ्याच अंशी मँगनीजने भरतात. त्यामुळे 202 स्वस्त पडतं, दिसायला तितकंच चकचकीत असतं, चुंबकालाही तितकंच दाद देत नाही. पण खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. उलट अस्सल 304 ची पाइप जिथे वाकवली असेल तिथे चुंबक किंचित ओढलं जाऊ शकतं. म्हणजे चुंबकाने साधं लोखंड ओळखता येतं, 304 आणि 202 मधला फरक नाही. हे शेडमधल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला नसतं, आणि त्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

फरक ओळखायला टेस्टिंगचं लिक्विड मिळतं. थेंब टाकायचा, 9 व्होल्टच्या बॅटरीने करंट द्यायचा. मँगनीजवालं 202 असेल तर थेंब लाल होतो. मोठ्या भंगारवाल्यांकडे हे असतं, कारण त्यांना ग्रेडप्रमाणे भाव द्यायचा असतो. माझ्या पाइपचा तुकडा भंगारवाल्याने हातात घेतला, थेंब टाकायच्या आधीच हसला. मग टाकला. लाल.

दुसरी लबाडी गेजची. ठरलं होतं 16 गेज, म्हणजे भिंतीची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. बसवली 20 गेजची, एक मिलिमीटरलाही न पोचणारी. टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या ठोकल्या की जाडी दिसतच नाही. पण वजन लपत नाही. एक इंची चौकोनी पाइप 16 गेजची असेल तर एका फुटाला साधारण 345 ग्रॅम भरते, 20 फुटी अख्खी पाइप 7 किलोच्या आतबाहेर. गॅस चार्ज करायचा डिजिटल काटा माझ्याकडे होताच. कापून उरलेला फूटभर तुकडा त्यावर ठेवला, 212 ग्रॅम. शंभराला साठ इतकंच धातू, आणि तेही खालच्या ग्रेडचं. एसीवाल्यांनो, काटा तुमच्या गाडीतच आहे, तेवढा एक तुकडा मागून घ्या. सरळ माणूस असेल तर देतो.

प्लायची गोष्ट थोडक्यात. तळाला टाकलेल्या शीटवर ‘मरीन’ असं ठसठशीत छापलेलं, खाली आयएस 710. हा मरीन प्लायचा खराच मानक क्रमांक आहे, पण आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स क्रमांक लागतो, तो नव्हता. असा क्रमांक असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. मरीन प्लाय 72 तास उकळूनही सुटता कामा नये अशी त्या मानकातली चाचणी आहे. मी एक तुकडा घरी जुन्या टोपात उकळत ठेवला, तर चहा पिऊन होईपर्यंत त्याची पानं मोकळी झाली. टोप गेला, त्यावरून घरात जे ऐकावं लागलं ते वेगळंच.

ड्रॉवरच्या चॅनलबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण इथे नुसते पैसे जात नाहीत, अपघात होऊ शकतो. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीला लावतात ती टेलिस्कोपिक चॅनल बहुधा जोडीला 35 किंवा 45 किलोची असते, आणि तो आकडा एका जागी उभ्या असलेल्या कपाटासाठीचा. गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा त्याच वजनाचा दणका कितीतरी जास्त बसतो. शिवाय साध्या चॅनलला लॉक नसतं. त्याने लॉकवाली सांगितली आणि साधी लावली. केरीहून चोर्ल्याच्या चढाला लागलो आणि मागे धाडकन आवाज. मागच्या बाजूला उघडणारे दोन्ही ड्रॉवर चढावर आपोआप बाहेर येऊन दाराला आतून टेकले होते. वर पोचून दार उचललं तर कोअर कटरचा बिट पोराच्या पायाजवळ पडला. बोटभर पुढे पडता तर पायाचं हाड गेलं असतं.

रॅक तळाला पकडला होता नुसत्या सेल्फ स्क्रूने. पत्र्याखाली पट्टी नाही, वॉशर नाही, सीलंट नाही. स्क्रूची टोकं खाली उघडी, चाकाने उडवलेलं पाणी त्यातून वर. गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली तेव्हा एक टोक पेट्रोलच्या नळीच्या अगदी जवळ दिसलं. काही जोड त्याने गाडीतच वेल्ड केले होते, बॅटरीची तार न काढता; गाडीचा कंट्रोलर जळायला तेवढं पुरतं. हे निव्वळ बेफिकीर काम. पैसे खायचेच होते तर खायचे, निदान नळी तरी बघायची.

आगाऊ पैसे काढायची त्याची रीतही ऐका. सगळं ठरलं 52 हजारांना. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर होती. “मजुरांना गावी पाठवायचंय, माटोळीचा बाजार आहे, थोडे जास्त सोडा,” असं म्हणत त्याने 35 हजार घेतले. चवथीच्या तोंडावर गोव्यात कुणाला नाही म्हणणं किती जड जातं ते त्याला बरोबर माहीत होतं. पैसे यूपीआयने गेले ते ‘भावाच्या’ खात्यावर, नाव तिसरंच. कोटेशनवर लिहिलं होतं, ‘एस.एस. पाइप हेवी, मरीन प्लाय, चॅनल हेवी ड्युटी’. ग्रेड नाही, गेज नाही, किलो नाहीत. वेल्डच्या जोडांवर तांबूस डाग आले तेव्हा फोन केला, तर उत्तर तयार, “कागदावर 304 कुठे लिहिलंय दाखवा.” उरलेले पैसे मी तिथेच थांबवले. कागदावरचा जीएसटी क्रमांक 30 ने सुरू होत होता. गोव्याचा तो असाच होतो, महाराष्ट्राचा 27 ने. पण खरा क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि याचा 14 चा होता. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द ते फुकटात दिसतं.

कागदावर नसलं तरी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्याच्या एका व्हॉइस मेसेजमध्ये तो 304 आणि 16 गेज स्वच्छ बोललाय. तो मेसेज, यूपीआयची नोंद, काट्यावरच्या तुकड्याचा फोटो आणि गॅरेजवाल्याचं लेखी म्हणणं जोडून ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आहे, दक्षिणेचा मडगावला. काही जण सांगतात, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही. ते अर्धवट आहे. 2019 च्या कायद्यात व्यापारी हेतू वगळलाय, पण स्वतः राबून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. तक्रारीत हे वाक्य आवर्जून घाला. व्यवहार 5 लाखांच्या आतला असेल तर फी लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करून नोंद केली तर त्या नोंदीचा नंबरही जोडता येतो.

रॅक मी काढून टाकला. आता जीआयच्या (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या) स्लॉटेड अँगलचा, नटबोल्टचा साधा सांगाडा आहे. पत्र्याखाली पट्टी देऊन पकडलेला, कधीही खोलता येणारा. ड्रॉवर नाहीत. प्लॅस्टिकचे क्रेट आहेत, पुढे आडवी पट्टी. फ्लेअर नट आणि फिटिंग झाकणाच्या डब्यांत, डब्यावर मार्करने साइज. जड पंप खाली, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीला चिकटून. सिलिंडर उभे, पट्ट्याने आवळलेले, खिडकीची फट उघडी, कारण आर-32 पेट घेऊ शकतो. गाडीत बंद जागी बसणाऱ्या रॅकला स्टेनलेसची गरजच नसते हे माझं मत. जीआय किंवा पावडर कोटिंगचं साधं लोखंड पुरतं. फक्त वजन बघा. आरसीवर गाडीचं रिकामं आणि भरलेलं अशी दोन्ही वजनं असतात, त्यांच्या फरकातच रॅक, माल आणि माणसं बसवायची असतात.

ज्यांनी त्याला आगाऊ दिलंय आणि काम सुरू व्हायचंय, त्यांनी आजच ग्रेड, गेज, एकूण किलो आणि चॅनलचं लॉक हे चार शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून त्याच्याकडून ‘हो’ मागा. तो फोनच करेल. उचलू नका, लिहूनच उत्तर दे म्हणा. आणि ‘हो’ येईपर्यंत गाडी त्याच्या शेडमध्ये लावू नका. माझी गाडी आत घेतल्यावर त्याने मागचा बंपर खोलून ठेवला होता, म्हणजे मला ती मधेच परत नेता येऊ नये.